पॉवर ट्यूब आणि हाय-फाय अँप्लिफायर यांची जोडी कशी जमवायची: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

ट्यूब अँप (ट्रान्झिस्टरऐवजी काचेच्या निर्वात नळ्यांवर चालणारा अँप्लिफायर) घरात आला, किंवा स्वतः जोडून तयार झाला, की थोड्याच महिन्यांत हात शिवशिवायला लागतात: दुसऱ्या ट्यूब लावून बघायच्या का? जरूर बघा. पण अँप ज्या ट्यूबसाठी रचलाय, तिचे आकडे त्याच्या ट्रान्सफॉर्मरमध्ये, रेझिस्टरमध्ये आणि बायसच्या (सिग्नल नसताना ट्यूबमधून किती करंट वाहावा हे ठरवणाऱ्या) सर्किटमध्ये मुरलेले असतात. म्हणून खाली आवाजाआधी आकडे येतात. ज्यांना फक्त आवाजाचंच ऐकायचंय त्यांनी सरळ शेवटच्या प्रश्नावर जावं, पण मग प्लेट (ट्यूबमधला इलेक्ट्रॉन गोळा करणारा पत्रा) लाल झाली तर तक्रार करू नये.

आणखी एक, आधीच सांगतो. प्लग काढल्यावरही आतल्या कपॅसिटरमध्ये ४००-५०० व्होल्ट राहू शकतात. झाकण उघडायचं तर कपॅसिटर रेझिस्टरमधून रिकामे करा, मीटरवर शून्य बघा, मगच हात घाला. आणि स्पीकर न जोडता अँपला सिग्नल देऊ नका. आउटपुट ट्रान्सफॉर्मर जातो.

माझ्या अँपमध्ये ईएल३४ या पॉवर ट्यूब आहेत. त्या जागी केटी८८ बसतील का?

सॉकेटात बसतील. चालतील का, हा वेगळा प्रश्न.

दोन्हींचा तळ आठ पिनांचा, ऑक्टल. मुख्य जोडण्याही सारख्याच: २ आणि ७ हीटर (कॅथोड तापवणारी तार), ३ प्लेट, ४ स्क्रीन (प्लेटआधीची मदतनीस जाळी), ५ कंट्रोल ग्रिड (सिग्नल घेऊन करंट आवरणारी जाळी), ८ कॅथोड (इलेक्ट्रॉन सोडणारा). इथवर सगळं गोड. पण केटी८८ चा हीटर १.६ अँपियर घेतो, ईएल३४ चा १.५. चार ट्यूबांचे ०.४ अँपियर जास्त झाले. दणकट ट्रान्सफॉर्मर ते सोसतो. जो आधीच हात भाजेल इतका तापतो तो सोसेलच असं नाही.

दुसरी अडचण बायसची. तेवढ्याच करंटसाठी केटी८८ च्या ग्रिडला ईएल३४ पेक्षा बरंच जास्त ऋण व्होल्टेज लागतं. बायसचा पॉट (फिरवून बदलता येणारा रेझिस्टर) टोकाला नेऊनही करंट खाली येत नसेल, तर बायसच्या सप्लायमध्ये बदल केल्याशिवाय ती ट्यूब तुमच्या अँपची नाही. त्यामुळे नव्या ट्यूब लावण्याआधी पॉट सर्वांत जास्त ऋण बाजूला नेऊन ठेवायचा आणि मग हळूहळू करंट वर आणायचा. ही सवय एकदा लागली की पुष्कळ ट्यूब वाचतात.

आणि उलट? केटी८८ च्या अँपमध्ये ईएल३४?

आधी पिन १ बघा. ईएल३४ ही खरी पेंटोड: कॅथोड, प्लेट आणि मध्ये तीन जाळ्या. तिची सप्रेसर ग्रिड (तिसरी जाळी) पिन १ वर बाहेर काढलेली असते आणि ती पिन ८ ला, म्हणजे कॅथोडला, जोडावी लागते. केटी८८ किंवा ६एल६ साठी बांधलेल्या अँपमध्ये पिन १ मोकळी असू शकते. त्याहून वाईट म्हणजे, जोडणाऱ्याने रिकामी पिन बघून तिथे भलताच रेझिस्टर टेकवलेला असतो. झाकण उघडून डोळ्यांनी बघण्याला पर्याय नाही.

मग उष्णता. केटी८८ ची प्लेट जास्तीत जास्त ४२ वॉट उष्णता सोसते, ईएल३४ ची २५. मोठ्या ट्यूबसाठी ठरवलेला करंट तसाच ठेवून ईएल३४ खोचली तर ती फार दिवस काढणार नाही.

बायस फिक्स्ड आहे की ऑटो, हे कसं ओळखू?

नावाने गोंधळ होतो, कारण ‘फिक्स्ड’ बायसमध्येच बहुधा फिरवायचा पॉट असतो. ग्रिडला वेगळ्या सप्लायवरून ऋण व्होल्टेज दिलेलं असेल तर तो फिक्स्ड. कॅथोडखाली शे-दीडशे ते पाचशे ओहमचा जाडजूड रेझिस्टर आणि त्याला समांतर कपॅसिटर दिसला तर तो ऑटो, म्हणजे कॅथोड बायस. त्यात करंट वाढला की रेझिस्टरवरचं व्होल्टेज वाढतं आणि ट्यूब स्वतःलाच आवरते. क्वाड टू या जुन्या ब्रिटिश अँपमध्ये दोन केटी६६ मिळून एकच १८० ओहमचा रेझिस्टर आहे.

ऑटो बायस ट्यूबच्या फरकांना जास्त सामावून घेतो, म्हणून ट्यूब बदलून बघायची हौस असेल तर असा अँप सोयीचा. फिक्स्डमध्ये तेवढ्याच सामग्रीतून वॉट जास्त निघतात, पण मीटर हाताशी लागतो.

तिसराही प्रकार आहे: फिक्स्ड बायस, पण पॉटच नाही. १९६१ च्या मूळ मॅकिंटॉश एमसी२७५ मध्ये तसंच होतं. अशा अँपला कारखान्याने गृहीत धरलेल्या करंटच्या जवळपासची ट्यूबच शोधून द्यावी लागते.

बायस किती ठेवायचा?

हा हिशेब एकदा हाताने करा, मग कुणाला विचारावं लागत नाही.

समजा ईएल३४ च्या कॅथोडखाली मोजमापासाठी १० ओहमचा रेझिस्टर आहे. त्यावर मीटर ०.४५ व्होल्ट दाखवतो. म्हणजे करंट ४५ मिलिअँपियर. पण हा कॅथोडचा करंट झाला. त्यातले समजा ५ मिलिअँपियर स्क्रीनचे. प्लेटचे उरले ४०. प्लेट आणि कॅथोड यांच्यात ४२५ व्होल्ट असतील तर ४२५ गुणिले ०.०४० म्हणजे १७ वॉट. ईएल३४ ची मर्यादा २५, म्हणजे आपण ६८ टक्क्यांवर आहोत. पुशपुल (दोन ट्यूब सिग्नल आळीपाळीने ओढतात), क्लास एबी (मोठ्या आवाजात त्यांतली एकेक काही वेळ बंद होते), फिक्स्ड बायस असेल तर ७० टक्क्यांच्या आसपास थांबायची रीत आहे, त्यामुळे हे ठीक.

ही रीत आहे, कायदा नाही. कॅथोड बायसवर क्लास ए मध्ये (जिथे ट्यूब कधीच बंद होत नाही) चालणारे अँप मर्यादेच्या अगदी जवळ चालवलेले आढळतात, ते तसेच रचलेले असतात. उलट ट्यूब वाचवायच्या नादात बायस फार थंड ठेवला तर हळू आवाजात, जिथे एक ट्यूब दुसरीच्या हातात सिग्नल देते तिथे, खरखरीत विकृती येते. ट्यूब टिकतात, संगीत टिकत नाही.

मोजताना अँप निदान वीस मिनिटं तापू द्या. दुसऱ्या दिवशी पुन्हा बघा. नव्या ट्यूब पहिल्या काही तासांत सरकतात.

सुरुवातीला सगळं छान असतं, तासाभराने एका ट्यूबची प्लेट लाल होते. ट्यूब खराब आहे ना?

दरवेळी नाही. हा प्रश्न माझ्या जिव्हाळ्याचा, कारण मी यात स्वतः पोळलोय.

माझ्या हाताने जोडलेल्या ईएल३४ च्या अँपमध्ये मी एकदा ६५५० च्या दोन जोड्या लावल्या. पिना जुळल्या, हीटर जुळला, बायसही पॉटच्या आवाक्यात आला. अर्धा तास मीटरकडे बघत बसलो, काटा हलला नाही. मग दिवा मालवून ऐकायला बसलो. पाऊण तासाने उजव्या कडेच्या ट्यूबच्या प्लेटवर विझत आलेल्या निखाऱ्यासारखा पट्टा दिसला. अँप बंद केला, ट्यूबला शिव्या घातल्या. तीच ट्यूब दुसऱ्या अँपमध्ये महिनोन्महिने निमूट चालली.

दोष होता कंट्रोल ग्रिडपासून बायसकडे जाणाऱ्या ४७० किलोओहमच्या रेझिस्टरमध्ये. कुठलीही ट्यूब अगदी निर्वात नसते. तापली की ग्रिडमधून काही मायक्रोअँपियर उलटे वाहतात. समजा ५ मायक्रोअँपियर. ४७० किलोओहममधून ते गेले की २.३५ व्होल्ट तयार होतात, आणि तेवढं ऋण बायस कमी होतं. ६५५० चा ट्रान्सकंडक्टन्स (ग्रिडचं व्होल्टेज बदललं की करंट किती बदलतो तो आकडा) व्होल्टमागे ११ मिलिअँपियरच्या घरात. म्हणजे करंट सुमारे २६ मिलिअँपियरने वाढला. ट्यूब आणखी तापली, गळती आणखी वाढली, आणि चक्र सुरू झालं. तोच रेझिस्टर ५० किलोओहमचा असता तर ३ मिलिअँपियरचीही वाढ झाली नसती.

डेटाशीटमध्ये हा आकडा खालच्या ओळींत असतो आणि सगळे तो ओलांडून पुढे जातात. फिक्स्ड बायससाठी ईएल३४ ला ५०० किलोओहमपर्यंत चालतं. ६एल६जीसी ला १००. ६५५० ला फक्त ५०. केटी८८ ला, प्लेट आणि स्क्रीन मिळून ३५ वॉटच्या आत असतील तर २२०, वर गेलात तर १००.

मग रेझिस्टर बदलून टाकू? थांबा. मागे ०.१ मायक्रोफॅरडचा कपलिंग कपॅसिटर, म्हणजे आधीच्या ट्यूबचा सिग्नल ग्रिडपर्यंत आणणारा, असतो. ४७० किलोओहमसोबत तो ३.४ हर्ट्झला कापतो. ४७ किलोओहम लावलात तर ३४ हर्ट्झला. खर्ज गेला. कपॅसिटर वाढवावा, तर फीडबॅकच्या (आउटपुटचा थोडा सिग्नल मागे आणून विकृती दाबण्याच्या) स्थिरतेकडे बघावं लागतं. शिवाय मागच्या ड्रायव्हर ट्यूबवर (पॉवर ट्यूबला सिग्नल पुरवणाऱ्या) बोजा वाढतो तो वेगळाच. एक धागा ओढला की अख्खं कापड येतं, ते असं.

केटी१५० लावल्या तर वॉट वाढतील?

आडात नाही तर पोहऱ्यात कुठून येणार? वॉट मुख्यतः सप्लायचं व्होल्टेज आणि आउटपुट ट्रान्सफॉर्मरचा लोड (ट्यूबला त्याचा जाणवणारा रोध) ठरवतात.

सप्लाय ४३० व्होल्ट, प्लेट ते प्लेट लोड ६.६ किलोओहम धरा. ईएल३४ ची प्लेट पूर्ण सिग्नलला ६० व्होल्टपर्यंत खाली येते असं समजू, म्हणजे झोका ३७० व्होल्टचा. ३७० चा वर्ग गुणिले २, भागिले ६६०० केलं की साडेएकेचाळीस वॉट येतात. आता मोठी ट्यूब लावली आणि ती ५० व्होल्टपर्यंत खाली आली. झोका ३८०, आणि वॉट सुमारे पावणेचव्वेचाळीस. फरक पाव डेसिबलच्याही आत. कानाला पत्ताही लागणार नाही.

मोठ्या ट्यूबचा खरा फायदा कमी लोडमध्ये असतो. केटी८८ ला ४.५-५ किलोओहमचा ट्रान्सफॉर्मर आणि त्याला पुरेसा करंट देणारा सप्लाय द्या, मग ती दम दाखवते. ७० वॉट प्लेटची केटी१५० ईएल३४ च्या अँपमध्ये बसवणं म्हणजे अर्ध्या दमात चालवणं. ट्यूब आरामात राहील हे खरं, पण हीटरचा करंट मात्र ती तिचाच घेणार, तो १.७५ अँपियर किंवा अधिक.

अल्ट्रालिनिअर अँपला ट्यूब निवडताना काही वेगळं?

स्क्रीनचं व्होल्टेज बघा. १९५१ साली हॅफ्लर आणि केरोज या अमेरिकन इंजिनिअरांनी ही मांडणी लोकप्रिय केली. तिच्यात स्क्रीन आउटपुट ट्रान्सफॉर्मरच्याच वाइंडिंगमधल्या टॅपला जोडतात, पुष्कळदा ४३ टक्क्यांवर. त्यामुळे स्क्रीनवर जवळजवळ प्लेटइतकंच डीसी व्होल्टेज येतं. प्लेट ५०० सोसते म्हणून खूश होऊ नका, स्क्रीन किती सोसते ते वाचा. ६एल६जीसी ची स्क्रीन मर्यादा ४५० व्होल्ट, ५८८१ ची ४००. केटी८८ ६०० पर्यंत जाते.

ट्रायोड जोडणीत, जिथे स्क्रीन प्लेटलाच बांधतात, हेच लागू. ब्रिटिश इंजिनिअर विल्यमसन यांनी १९४७ साली केटी६६ अशाच ट्रायोड जोडणीत वापरून १५ वॉट काढले. आजच्या लेखी थोडे वाटतात, पण तेव्हा त्या अँपने चांगल्या आवाजाची व्याख्याच बदलली.

६एल६, ५८८१, केटी६६ एकाच घरातल्या ना? मग अदलाबदल का नाही?

घर एक, ताकद वेगळी. १९३६ ची मूळ ६एल६ आणि नंतरची ६एल६जीसी यांत जमीन-अस्मानाचा फरक: जुनीची प्लेट मर्यादा ३६० व्होल्ट, जीसीची ५०० व्होल्ट आणि ३० वॉट. नुसतं ‘६एल६’ वाचून विकत घेऊ नका, शेपटाची अक्षरं वाचा. केटी६६ चा हीटर १.२७ अँपियर घेतो, ६एल६जीसी चा ०.९. त्यामुळे केटी६६ च्या अँपमध्ये जीसी लावली तर ट्रान्सफॉर्मरला सुखच. उलट केलं तर हिशेब करा.

नुसत्या तळावर विसंबू नका, यासाठी ७५९१ लक्षात ठेवा. फिशर ५००सी सारख्या रिसीव्हरमधली ही ट्यूब. ऑक्टलच आहे, पण कॅथोड पिन ५ वर आणि ग्रिड ६ वर. तिच्या सॉकेटात ६एल६ खोचली तर कॅथोडच्या जागी ग्रिड येते. पुढचं सांगायला नको.

ईएल८४ सगळ्या ईएल८४ च्या अँपमध्ये चालते ना?

नाव ईएल८४ असलं तरी व्होल्टेज मोजा. ईएल८४ ची प्लेट मर्यादा ३०० व्होल्ट आणि १२ वॉट. काही जुने अँप हिला याहून वर चालवतात. तिथे ४०० व्होल्टची ७१८९ अभिप्रेत असते, किंवा रशियन ६पी१४पी-ईव्ही सारखी दणकट ट्यूब, जी ईएल८४एम म्हणूनही विकतात.

मॅच्ड पेअर खरंच लागते का, की विकण्याची युक्ती?

पुशपुलमध्ये लागते. दोन ट्यूबांचे डीसी करंट ट्रान्सफॉर्मरच्या गाभ्यात एकमेकांना रद्द करतात. ते सारखे नसतील तर उरलेला फरक गाभ्याला एका बाजूला चुंबकीय करतो आणि सर्वांत आधी खर्ज बिघडतो. टोरॉइडल ट्रान्सफॉर्मरच्या गाभ्यात फट नसते, त्यामुळे तो याबाबतीत फारच नाजूक.

डायनाको स्टीरिओ ७० हे चांगलं उदाहरण. त्यात चॅनलच्या दोन ईएल३४ मिळून एकच १५.६ ओहमचा रेझिस्टर आणि एकच पॉट. मीटरवर १.५६ व्होल्ट आणायचे, म्हणजे दोघींचे मिळून १०० मिलिअँपियर. पण ते ५० आणि ५० आहेत की ७० आणि ३०, हे तो मीटर कधीच सांगणार नाही. इथे मॅच्ड पेअर हवीच. दर ट्यूबला स्वतंत्र पॉट असेल तर थोडा फरक चालवून घेता येतो.

फक्त विचारा, मॅच कशावर केलंय? कमी व्होल्टेजवर जुळलेली जोडी तुमच्या ४५० व्होल्टवर जुळेलच असं नाही. करंट आणि ट्रान्सकंडक्टन्स, दोन्ही जुळलेले हवेत.

सिंगल एंडेड ३००बी अँपला?

तिथे रद्द करायला जोडीदार नाही. ट्रान्सफॉर्मरच्या गाभ्यात मुद्दाम फट ठेवलेली असते. डाव्या-उजव्याचा आवाज सारखा राहावा इतपत जुळलेल्या पुरेत. ३००बी चा फिलामेंट ५ व्होल्ट, १.२ अँपियर. २ए३ चा अडीच व्होल्ट, अडीच अँपियर. दोन्हींचा तळ चार पिनांचा, एकीच्या जागी दुसरी जाते, आणि ५ व्होल्टवर २ए३ चा फिलामेंट संपतो.

रेक्टिफायर ट्यूब (एसीचं डीसी करणारी) बदलली तर?

जीझेड३४ चा हीटर ५ व्होल्टला १.९ अँपियर घेतो, ५यू४जीबी ३ अँपियर. २ अँपियरच्या वाइंडिंगवर ५यू४ लावू नका. शिवाय ५यू४ मध्ये व्होल्टेज जास्त पडतं, त्यामुळे सप्लाय खाली येतो आणि बायस पुन्हा लावावा लागतो. ‘रेक्टिफायरने आवाज मऊ झाला’ म्हणणाऱ्यांनी आधी तो फरक मोजावा.

ट्यूबमध्ये निळा प्रकाश दिसतो. घाबरायचं का?

काचेच्या आतल्या कडेवर लपलपणारा निळा असेल तर नाही, तो इलेक्ट्रॉन काचेवर आदळल्याचा. प्लेटच्या आत गुलाबी-जांभळं धुकं असेल तर वायू आहे, काढून टाका. वरचा चंदेरी गेटर (उरलासुरला वायू शोषणारा काचेवरचा थर) पांढरा पडला असेल तर हवा शिरली. ती ट्यूब संपली.

मुलार्ड लिहिलेली नवी ट्यूब म्हणजे जुनी मुलार्डच ना?

नाही. जुन्या मुलार्डचा कारखाना इंग्लंडमध्ये ब्लॅकबर्नला होता. आज त्या नावाने मिळणाऱ्या नव्या ट्यूब रशियात सारातोव्हला तयार होतात. टंग-सोल आणि इलेक्ट्रो-हार्मोनिक्स ही नावंही त्याच घरची. जेजे स्लोव्हाकियातले. यात कमीपणा काही नाही, फक्त नाव बघून जुन्याचे आकडे नव्याला लावू नका. जेजे ची ई३४एल हीच बघा: साध्या ईएल३४ पेक्षा तिला बायस जास्त ऋण लागतं.

आता सांगा, आवाजात फरक पडतो का?

पडतो. किती, ते अँपवर अवलंबून. २० डेसिबल फीडबॅक असलेल्या अँपमध्ये ट्यूबची विकृती दहा पटींनी दाबली जाते, तिथे ईएल३४ आणि केटी७७ यांत वेगळेपण शोधायला कान टवकारावे लागतात. फीडबॅक नसलेल्या अँपमध्ये ते लगेच समोर येतं.

फरक ऐकायचाच असेल तर आधी आवाजाची पातळी जुळवा. ईएल३४ चा ट्रान्सकंडक्टन्स ११ आणि ६एल६जीसी चा जेमतेम ६, त्यामुळे कमी फीडबॅकच्या अँपमध्ये ट्यूब बदलल्यावर आवाजच कमी-जास्त होतो, आणि जो मोठा तो कानाला चांगला वाटतो. १ किलोहर्ट्झचा सूर लावून स्पीकरच्या टोकांवर एसी व्होल्टेज मोजा, दोन्ही वेळा सारखं ठेवा. त्यातही ट्यूब थंड करून, बदलून, तापवून, बायस लावेपर्यंत अर्धा-पाऊण तास जातो, आणि तोवर पहिला आवाज डोक्यातून निघून गेलेला असतो.

माझ्या त्या अँपमध्ये ६५५० गेल्या आणि ईएल३४ परत आल्या. कुणी विचारलं की मी ‘मध्यम सप्तकात गोडवा जास्त’ असं काहीतरी सांगतो. खरं कारण म्हणजे ४७० किलोओहमचे ते चार रेझिस्टर आणि मागचे कपॅसिटर बदलायचा कंटाळा.